तातडीचा कागद सर्वांत खाली

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या घरमालकांनी मला खोली भाड्याने द्यायची की नाही, याचा निर्णय सतराव्या दिवशी कळवला. तोही पत्राने. तोवर मी त्यांच्याच घरात, त्याच खोलीत राहत होते आणि रोज सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून पोहे हाणत होते. पत्र त्यांनी माझ्या दाराखालच्या फटीतून आत सरकवलं आणि बाहेर उभं राहून विचारलं, "मिळालं का?"

मी दार उघडलं. "अहो काका, नुसतं तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं की!"

"तोंडी?" काकांनी माकडटोपी वर सरकवली. "आणि जावक नंबर कुठे टाकू, तुमच्या कपाळावर?"

मी तेव्हा पुण्याहून नवीनच आलेली, गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला, स्वतःला फार शहाणी समजणारी. म्हातारा येडपट आहे, असं मी त्या रात्री आईला फोनवर सांगितलं. ते खोटं नव्हतंच. पण निम्मंच खरं होतं, हे कळायला मला दोन वर्षं आणि एक संक्रांत लागली.

काकांनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आवक-जावक शाखेत पस्तीस वर्षं काढली होती. बाहेरून कागद आला की त्यावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात चढवायचा आणि ज्याचा त्याच्याकडे धाडायचा. राहायला लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर. ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली आणि द्वारकेत फ्लॅट बुक केले, तेव्हा इथे म्हणे संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हा काका रिटायर व्हायला टेकले होते. मधल्या काळात देश खुला झाला, पलीकडे गुडगाव उगवलं, मेट्रो आली, माझ्यासारख्या पोरी लॅपटॉप घेऊन आल्या. काकांची खिडकी मात्र तीच राहिली, अकरा ते एक आणि दोन ते साडेचार.

रिटायर होताना त्यांनी ऑफिसच्यासारखाच एक गोल शिक्का स्वतःसाठी बनवून घेतला होता. मधे तारीख फिरवायची सोय, वर 'आवक'. दुधाचं बिल, लग्नपत्रिका, विजेचं बिल, सगळ्यांवर तो बसायचा. एकदा मी पिझ्झा मागवला तर खोक्यावरही बसला. खिशाला दोन पेनं असायची, एक निळं, एक लाल. लाल पेन त्यांनी कधी उघडलं नाही. "लाल शाईचा अधिकार सेक्शन ऑफिसरचा," म्हणायचे. मग बाळगता कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "प्रमोशन आलं तर!" रिटायर होऊन आठ वर्षं झालेला माणूस. आणि दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना 'तुम्ही'. काकू मला पहिल्या दिवसापासून 'अगं' म्हणायच्या, काका 'इंजिनियर' म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता, तो ते जेवताना, चालताना, दाढी करताना सांगायचे. तातडीचा कागद सर्वांत खाली.

"लाल चिठ्ठी लावलेले कागद किती आले माझ्या टेबलावर! तत्काल, अति तत्काल, आजच्या आज. सगळे मी गठ्ठ्याच्या तळाशी घालायचो. संध्याकाळपर्यंत निम्म्यांची तातडी आपोआप उतरायची. इंजिनियर, लक्षात ठेवा, ज्याचं काम खरं असतं तो कारण सांगतो. ज्याचं खोटं असतं तो घाई सांगतो."

"आणि एखादा खरंच तातडीचा निघाला तर?"

"तर तो माणूस स्वतः येतो. जिना चढून."

या नियमापायी घराने काय काय सोसलं, ते काकूंना विचारावं. सोसायटीच्या वॉचमनने एकदा चिठ्ठी आणून दिली, 'अर्जंट, टाकी साफ होणार, नऊच्या आत पाणी भरून ठेवा.' काकांनी शिक्का मारला, नंबर टाकला आणि चिठ्ठी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली ठेवली. दहा वाजता काकू डोक्याला शिकेकाई चोळून नळाखाली बसल्या तर नळाला थेंब नाही. तशाच, डोक्याला पंचा गुंडाळून, त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि गरजल्या, "यमाचा रेडा दारात उभा राहिला ना, तरी हा माणूस त्याला सांगेल, अर्ज करा, तीन प्रतीत!"

"करावाच लागेल," काका पेपर न हलवता म्हणाले.

मी हसून हसून खाली बसले. मग शेजारून बादली मागून आणली.

दुसरा नियम एका गोष्टीतून यायचा. त्यांच्या शाखेत शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, भलतेच भोळे. त्यांच्या नावाने एक दिवस बदलीचा हुकूम आला, थेट अंदमानला. खाली लिहिलेलं, 'चौकशीसाठी फोन करा', आणि एक नंबर. त्यांनी फोन केला. पलीकडून सांगितलं, हो हो, हुकूम खरा आहे, सामान बांधा. बिचाऱ्यांनी कूलर विकला, बायकोला माहेरी धाडलं. तो नंबर खालच्या कँटीनचा होता आणि हुकूम शाखेतल्याच टवाळांनी टाइप केला होता.

"कागद खरा की खोटा, हे त्याच कागदाला विचारायचं नाही," काका बोट नाचवत सांगायचे. "चोराला विचारलं, तू चोर का रे? तो म्हणाला, छे हो! आणि हे महाशय थँक्यू म्हणून फोन ठेवून आले. मूळ फाइल बघायची, इंजिनियर. मूळ फाइल."

"काका, थोडा तरी विश्वास ठेवावा माणसानं."

"विश्वास? तो गेला पानिपतात!"

हे त्यांचं पेटंट वाक्य. सगळी मराठी माणसं ते एकदा बोलून सोडून देतात, काका मात्र दर संक्रांतीला हरयाणा रोडवेजची बस पकडून खरोखर पानिपतला जायचे. धुकं असो, थंडी असो. तिथे हात जोडून उभे राहायचे, येताना लोणच्याची बरणी आणायचे आणि आल्यावर सांगायचे की पेशव्यांना हरल्याची बातमी कशी कळली, तर एका सावकारी चिठ्ठीतून, मोती गळाले, मोहरा गेल्या. "निरोप पैशाचा, आणि गेलेली माणसं! तेव्हापासून पैशाच्या भाषेतला निरोप मी दोनदा वाचतो."

मोबाइल आला तेव्हा काकांना वाटलं, ही आवक शाखाच आहे, फक्त खिशातली. आलेला प्रत्येक मेसेज ते एका रजिस्टरात उतरवून घ्यायचे. तारीख, कुणाकडून, विषय, शेरा. पिझ्झाची सूट, बँकेचे मेसेज, गॅसचा नंबर लागला, सगळं. एकदा परदेशातल्या कुठल्याशा लॉटरीचा मेसेज आला, तुम्हाला कोट्यवधी लागले. शेऱ्यात काकांनी लिहिलं होतं, 'तिकीट काढले नव्हते. दप्तरी दाखल.' मी ते रजिस्टर ऑफिसात फोटो काढून दाखवायची आणि सगळी टीम माझ्या टेबलाभोवती जमायची.

आता काकूंकडे येते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

काकूंच्या हाताला चव होती म्हणणं म्हणजे हिमालय उंच आहे म्हणण्यासारखं आहे. एका दिवाळीत मी त्यांच्या चकल्यांचा डबा ऑफिसात नेला. दुपारपर्यंत डबा चाटूनपुसून साफ आणि चार जण माझ्यामागे, कुठे मिळतात, आम्हाला पण पाहिजेत यार. नोएडाची एक, गुडगावचे दोघे, कुणाकुणाच्या सासवा. मीच काकूंच्या मागे लागले. त्यांच्या नावाचं बँकेत खातं काढलं, फोनवर बँक बसवून दिली, पैसे कसे येतात, कसे पाठवायचे, सगळं शिकवलं. तेव्हा फोनवरून पैशाचा व्यवहार नवीनच होता आणि मी त्यातली मोठी पंडित.

काकांचा विरोध होता. अनोळखी माणसं, फोनवरचे पैसे, नको. बरेच दिवस घोळ घातल्यावर त्यांनी एक कागद आणला. अटी व शर्ती. शेवटची अट अशी की ज्या दिवशी पहिली फसवणूक होईल त्या दिवशी कढई माळ्यावर, आणि मग ती पुन्हा खाली उतरायची नाही. काकूंनी सही केली. काकांनी शिक्का मारला.

"कशाला सही केलीत?" मी स्वयंपाकघरात जाऊन चिडले.

काकू कणीक मळत होत्या. "अगं, लग्न झाल्यापासून साडीला फॉल लावायचा तरी यांच्याकडे पैसे मागते. देतात हो, नाही कधी म्हणाले नाहीत. पण कारण विचारतात. सवयच ती." त्यांनी कणकेचा गोळा उलटा केला. "या फोनवर येतात ना, त्यांचं कुणी कारण विचारत नाही. एवढ्यासाठी मी शंभर कागदांवर सही करीन बघ."

मला एकदम भरून आलं. मी नुसती कणकेची एक गोळी तोडून खाल्ली आणि हातावर फटका खाल्ला.

दिवाळी झाली, मग संक्रांत आली. तिळाचे लाडू, गूळपोळ्या, रथसप्तमीपर्यंतच्या ऑर्डरी. संक्रांतीच्या दिवशी काका पहाटेच पानिपतला गेले, बसमध्ये फोन बंद, कारण बॅटरी 'सरकारी कामासाठी' राखायची. मी ऑफिसात. अकराच्या सुमारास मी मीटिंगमध्ये बसले होते आणि काकूंचा फोन आला.

आवाज पार उडालेला. "अगं, एक मेजर साहेब आहेत. सकाळी फोन आला, दहा किलो लाडू हवेत म्हणाले, जवानांसाठी. संध्याकाळी जीप पाठवतो, पैसे आत्ताच पाठवतो. साडेचार हजार झाले. पण त्यांच्या हातून एक शून्य जास्त पडलं! पंचेचाळीस हजार आलेत. मेसेज आलाय. ते बिचारे रडकुंडीला आलेत, मुलगी दवाखान्यात आहे, वरचे परत पाठवा म्हणतात."

समोर आमचा मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी तोंडावर हात धरून कुजबुजले, "मेसेज आलाय ना?"

"आलाय. 'तुमच्या खात्यात पंचेचाळीस हजार जमा', असं इंग्रजीत."

"मग आलेत पैसे. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे कशाला? पाठवून टाका. शिकवलंय ना मी, तसंच करायचं." आणि मी फोन ठेवला.

हे मी केलं. इंजिनियरने. काकूंच्या खात्यात दिवाळीपासूनची सगळी कमाई मिळून जेमतेम तेवढेच होते, हे मला ठाऊक होतं. तरी ते पंचेचाळीस हजार खरोखर जमा झालेत का, हे खात्यात बघा, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. मला कुठली घाई होती? मीटिंगची. आमच्या घरात, पुण्यात काय किंवा द्वारकेत काय, चुकून आलेला दुसऱ्याचा रुपया घरात राहिला की जेवण जात नाही. त्या चोराला आमच्यासारख्यांची ही खोड बरोबर माहीत होती.

जेवताना मी ही गंमत म्हणून शेजारच्या मैत्रिणीला सांगितली. तिने घास तसाच धरून विचारलं, "मेसेज आया किस नंबर से?"

"म्हणजे?"

"अरे, मोबाइल नंबर से आया, या बँक के नाम से? असा मेसेज मी पण तुला पाठवू शकते यार, आत्ता. खातं चेक केलं का त्यांनी?"

मी ताट तसंच टाकून उठले. काकूंना फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. मॅनेजरला काय सांगितलं ते आठवत नाही. टॅक्सीत बसले आणि गुडगाव ते द्वारका सबंध रस्ता फोन लावत राहिले. एंगेज, एंगेज, एंगेज. मला रडू फुटलं. पैसे मी भरून देईन, पगारातून देईन, पण माळ्यावर गेलेली कढई कोण उतरवणार? काका रागावणार नाहीत, हेच वाईट होतं. ते शांतपणे कागद काढतील आणि सही दाखवतील. आणि काकू पुन्हा फॉलचे पैसे मागतील.

लॅच उघडून आत शिरले तर घरभर गुळाचा वास. काकू ओट्याशी बसून लाडू वळत होत्या. फोन पिठाच्या डब्यावर, स्पीकरवर टाकलेला. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बोटाला तीळ चिकटलेले.

"तीन कॉपी, बेटा," काकू फोनला सांगत होत्या. "दो नहीं, तीन."

"माताजी, आप समझ नहीं रही हैं!" पलीकडचा मेजर घोगरा झाला होता. "बच्ची आयसीयू में है!"

"हाय हाय. कौन से अस्पताल में? मैं अभी लड्डू लेके आती हूँ, ऑटो करके."

पलीकडून खाकरल्याचा आवाज. मग, "मिलने नहीं देते, माताजी. आप बस पैसा भेजिए, अर्जेंट है."

"पैसा तो साहब की मंजूरी से जायेगा. साहब पानिपत गये हैं. आप अर्जी लिखिए, नीचे अपने बड़े अफसर का दस्तखत लीजिए, गोल ठप्पा लगवाइए."

"मैं पुलिस में कंप्लेंट कर दूँगा!"

"जरूर करो. उसकी भी एक कॉपी लगेगी."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पदर काकूंचाच. मेजरने आणखी बरीच खटपट केली. दम दिला, रडला, आईची शपथ घातली. काकूंनी प्रत्येक वेळी नवीन कागद मागितला. शेवटी तो थकला. आवाजातला मेजर गेला आणि कुठलासा साधा दमलेला माणूस उरला.

"आंटी, आपको पता चल गया ना?"

"कब का, बेटा."

"तो दो घंटे से क्या कर रही थीं?"

"लड्डू," काकू म्हणाल्या. "आज संक्रांत है. आज के दिन हमारे में सबसे मीठा बोलते हैं."

फोन कट झाला. मी काकूंच्या गळ्यात पडले आणि धाय मोकलून रडले. त्या म्हणाल्या, "अगं सोड, पाक कडक होतोय."

मग सगळं कळलं. माझा फोन ठेवल्यावर त्या खरंच पैसे पाठवायला बसल्या होत्या. मी शिकवल्याप्रमाणे रक्कमसुद्धा घातली होती. तेवढ्यात त्याचा पुन्हा फोन, "माताजी, अर्जेंट है, अभी के अभी."

"तो शब्द ऐकला आणि माझा हातच थांबला," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं कानीकपाळी तेच ऐकलंय ना, अर्जंट म्हटलं की खाली घाल. मी फोन पापडाच्या डब्याखाली घातला आणि शेंगदाणे भाजायला घेतले. भाजता भाजता डोकं निवलं. म्हटलं, हा मेसेज खरा का, हे मी त्याच माणसाला विचारतेय, आणि तुला विचारतेय. तुला तरी काय माहीत? तू कुठे बघितलंयस? मग चप्पल घातली आणि मार्केटात बँकेबाहेर ते पासबुक छापायचं मशिन आहे ना, तिथे गेले. पासबुक घातलं. एक दमडी जमा नाही."

मी खाली बघितलं. पुढचं काम मी केलं, निदान तेवढं तरी. पासबुकाच्या मागे छापलेल्या नंबरावर बँकेला कळवलं, मेजरचा नंबर सांगितला. मेसेज पुसला नाही, पोलिसांना दाखवायला ठेवला.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात काका, माकडटोपीवर दव, एका हातात लोणच्याची बरणी, आणि छातीशी, तान्हं मूल धरावं तशी धरलेली, भली थोरली लोखंडी कढई.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"लहान पडते म्हणत होता ना तुम्ही. तिथे स्वस्त मिळाली. बसमध्ये कंडक्टर तिचं वेगळं तिकीट मागत होता, दिलं नाही."

म्हणजे आम्ही इकडे कढई माळ्यावर जाते म्हणून जीव टांगणीला लावलेला आणि हा गृहस्थ तिकडे दुसरी कढई विकत घेत होता.  काकूंनी कढई हातात घेतली आणि पदराने पुसत राहिल्या, पुसत राहिल्या.

मी घडलेलं सगळं सांगितलं. काकांनी टोपी काढली, चष्मा लावला, रजिस्टर मागवलं. काकूंच्या फोनवरचा मेसेज अक्षर न् अक्षर उतरवून घेतला. मग मागची पानं उलटली आणि बँकेचे आधीचे मेसेज काढले. "बघा इंजिनियर. बँकेचा मेसेज दरवेळी बँकेच्या नावाने येतो. हा दहा आकडी मोबाइलवरून. बँक दरवेळी खात्याचे शेवटचे आकडे देते. इथे आहेत? नाहीत." ज्या रजिस्टरावर माझी सगळी टीम हसली होती, त्यात सगळं होतं.

"तुमचा सल्ला काय होता?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

मी खरं सांगितलं. त्यांनी लिहिलं, मोठ्याने म्हणत लिहिलं, 'तज्ज्ञाचा अभिप्राय : पैसे द्यावेत.' तो शेरा त्या रजिस्टरात अजून आहे आणि पुढे माझा फोन गेला की काका आधी तोच वाचून दाखवायचे.

मग त्यांनी तो अटींचा कागद काढला. खिशातलं लाल पेन काढलं, जे आम्ही कुणी उघडलेलं पाहिलं नव्हतं. झाकण निघता निघेना, शाई वाळलेली. फुंकर मारून, झटकून, मागे घासून त्यांनी कशीबशी शाई उतरवली आणि कागदावर आडवं लिहिलं, 'रद्द'. शिक्का मारला. काकूंपुढे सरकवला. "पानिपतला मी गेलो," म्हणाले, "आणि ते जिंकलं तुम्ही, इथे बसून."

काकू म्हणाल्या, "हात धुवा, जेवायला वाढते."

दुसऱ्या दिवशी काकांनी पोलीस चौकीत तीन प्रतीत तक्रार दिली आणि मुन्शीकडून पोच घेतल्याशिवाय हलले नाहीत.

पुढच्या वर्षीची गंमत सांगायलाच हवी. एका बाईंनी खरोखरच चुकून काकूंना जास्त पैसे पाठवले. यावेळी पासबुकात जमा होते. तरी काका ऐकेनात, अर्ज करा म्हणाले. मला लाज वाटली. चौथ्या दिवशी त्या बाई स्वतः जिना चढून आल्या, लक्ष्मीबाई नगरहून, नवरा सरकारी नोकरीत. पर्समधून कागद काढले. अर्ज तीन प्रतीत, सोबत साक्षांकित प्रत, वर टाचणी. काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा दिला, वरचे पैसे काकूंकडून तिथल्या तिथे परत करवले आणि बाई गेल्यावर म्हणाले, "याला म्हणतात घराणं!"

मी नंतर पुण्याला परत आले. लग्न, मुलगी, बाणेरला घर. दर संक्रांतीला द्वारकेहून लाडवांचा डबा येतो, वर जावक नंबर.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. काका आज पहाटे गेले. या नंबरवर फोन करा.

मी तो दोनदा वाचला. मग फोन वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली ठेवला. चहा टाकला, मुलीचा डबा भरला, तिला बसमध्ये बसवून आले. त्या नंबरवर मात्र फोन केला नाही. मूळ फाइल बघायची. काकूंचा जुना नंबर लावला.

"तू होय," काकू म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं, तू त्या नंबरवर करायची नाहीस. आमच्या नोएडाच्या पुतण्याचा आहे तो. त्याला मी बजावलं, बाबा, बाकी काही लिही, पण अर्जंट लिहू नकोस. नाहीतर ती संध्याकाळपर्यंत वाचायची नाही."

"काकू... खरं आहे?"

"खरंय गं."

मी ओट्याला धरून उभी राहिले.  मग पलीकडून काकू हळूच, हसतायत की रडतायत ते मला कळेना, म्हणाल्या, "पाचला उठले, चहा मागितला. मी आधण ठेवून वळते तो गेले. अख्ख्या आयुष्यात या माणसानं एकच काम ताबडतोब केलं बघ. अर्जसुद्धा मागितला नाही."